सध्या काय वाचताय? वाचलेलं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं कसं

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या घरी आठ-दहा जण जमतात आणि सध्या काय वाचतोय ते एकमेकांना सांगतात. एवढंच. अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, शाल-श्रीफळ तर नाहीच नाही. आम्ही त्याला नुसतं 'रविवार' म्हणतो.

पहिल्या रविवारी काय झालं ते आधी सांगते, कारण बहुतेक ठिकाणी हेच होतं. सगळे हौसेने आले, प्रत्येकाने आपलं पुस्तक वर धरून दाखवलं आणि म्हणाले "खूप छान आहे, नक्की वाचा". वीस मिनिटांत नऊ पुस्तकं संपली आणि मग पुढचा तासभर पाणीकपात आणि बिल्डिंगचं पार्किंग. पुढच्या महिन्यात मी सहज विचारलं की मागच्या वेळचं कोणाचं पुस्तक कोणी वाचलं का हो? सगळे चहाच्या कपात बघायला लागले.

म्हणजे नऊ पुस्तकांची जाहिरात झाली पण एकही पुस्तक या हातातून त्या हातात गेलं नाही. तेव्हापासून माझं मोजमाप हेच आहे, किती पुस्तकं हलली. तुम्ही किती सुंदर बोललात याला फार किंमत नाही. ऐकणाऱ्याला 'हे माझ्यासाठी आहे' किंवा 'हे माझ्यासाठी नाही' यातलं एक काहीतरी कळलं की काम झालं. ग्रंथालयशास्त्रवाले एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली होती, त्यातलं तिसरं 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' असं आहे, आपल्या दिवाणखान्यात आपण तेच करायचंय, फक्त चहा घेत.

आता क्रमाने सांगते.

तयारी वाचतानाच सुरू होते

पुस्तक संपवून मग आठवू म्हणाल तर काही आठवत नाही. "भाषा ओघवती आहे" असलं काहीतरी तोंडातून बाहेर पडतं आणि स्वतःलाच लाज वाटते. म्हणून वाचतानाच खुणा ठेवायच्या. मी ऑफिसला सिटी बसने जाते त्यामुळे माझ्याकडे तिकिटांची कमी नाही, तिकिटाच्या मागे पान नंबर आणि दोन-तीन शब्द लिहायचे आणि तिथेच खुपसून द्यायचं. पुढची छपाई काही दिवसांत उडते, मागचं बॉलपेन राहतं. पुस्तक स्वतःचं असेल तर पेन्सिल चालते पण लायब्ररीच्या पुस्तकात कृपा करून रेघोट्या नकोत, आधीच्या माणसाने अधोरेखित केलेलं वाक्य आपल्यालाही महत्त्वाचं वाटायला लागतं आणि आपलं वाचन त्याच्या बोटाला धरून चालतं.

खुणा कुठे ठेवायच्या? जिथे थांबून पुन्हा वाचलं तिथे. जिथे लेखकाशी भांडावंसं वाटलं तिथे. आणि तिसरी सगळ्यात कामाची, जिथे एखादं माणूस आठवलं तिथे. माझ्या एका तिकिटावर लिहिलं होतं 'पा. ८४, विहीर, आई'. गावाकडची कादंबरी होती, उन्हाळ्यात विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतात असा दीड पानाचा प्रसंग. माझी आई सिन्नरकडची. मी तिला फोनवर ते दीड पान वाचून दाखवलं, ती काही बोलेना, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "वाटीने नाही गं, आम्ही नरोटीने भरायचो, वाटी घासली जाते खाली", आणि पुढे अर्धा तास शाळेतून आल्यावर पाण्याला कसं जायचो ते सांगत बसली. ते पुस्तक तिने मागून घेतलं. आता मला सांगा, मी तिला "आई, एक छान ग्रामीण कादंबरी आहे" असं म्हटलं असतं तर तिने मागितलं असतं का?

बोलायचं काय

आमच्याकडे माणशी पाच-सहा मिनिटं असतात आणि तेवढी भरपूर होतात. आधी पुस्तकाची ओळख सरळ द्यायची: नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव (हे विसरू नका हो, मराठीत एकाच पुस्तकाचे दोन-तीन अनुवाद असतात आणि एक वाचवत नाही आणि दुसरा खाली ठेववत नाही असंही होतं), प्रकाशक, साधारण किती पानं. मग ते तुमच्याकडे आलं कसं, कोणी दिलं, रद्दीत मिळालं, की बायकोच्या माहेरच्या कपाटातून उचललं. लोकांना हा भाग फार आवडतो आणि बोलणाऱ्याची भीड पण चेपते.

गोष्ट सांगायची नाही. अगदीच गरज असेल तर पहिल्या पाव भागापर्यंत सांगा, त्यापुढे गेट बंद. त्याऐवजी वाचताना तुमचं काय झालं ते सांगा, कुठे अडलात, कुठे रात्री दीड वाजला. एक नमुना देते, आमच्यातल्या एका शिक्षिका ताईंनी सांगितलेलं मला जसंच्या तसं आठवतंय: "चारशे पानांची आहे. पहिली साठ पानं नुसती भाऊबंदकी, कोण कोणाचा चुलता कळेना म्हणून मी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने वंशावळ काढली, ती तशीच ठेवलीय, पुढच्याला उपयोगी पडेल. साठनंतर पळते. संवादात अहिराणी आहे, सटाणा-कळवणकडच्यांना घरचं वाटेल, बाकीच्यांना दहा-वीस पानं कान लावावा लागेल. ज्यांना शेवट गोड लागतो त्यांनी हात लावू नका." एक मिनिटसुद्धा लागलं नाही बघा, आणि तीन जणांनी हात वर केले.

ते शेवटचं वाक्य आता आमच्याकडे नियमच झालाय. प्रत्येकाने शेवटी सांगायचं की हे पुस्तक कोणी वाचू नये. सुरुवातीला लोक बिचकले, लेखकाचा अपमान वगैरे वाटला, पण काय होतं की "सगळ्यांनी वाचावं असं पुस्तक" म्हटलं की कोणीच वाचत नाही, आणि "ज्यांना घाई आहे, हॉस्पिटलची वर्णनं सहन होत नाहीत, त्यांनी नको" म्हटलं की उरलेल्यांना ते आपलं वाटतं. शिवाय कोणाचं नुकतंच घरातलं माणूस गेलेलं असतं, त्याच्या हातात नेमकं तसलंच पुस्तक जाऊ नये एवढी काळजी घ्यायलाच हवी.

अर्धवट सोडलेलं पुस्तक पण आणा. चाळिसाव्या पानावर का सोडलं ही चांगली माहिती असते, आणि कधीकधी कोणीतरी म्हणतं "अहो पन्नासपर्यंत जा, तिथून सुरू होतंय", तसं मी दोनदा परत उचललेलं आहे. एकदा खरंच तिथून सुरू झालं. एकदा नाही झालं.

एक पान मोठ्याने वाचा

माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमातली हीच खरी गोष्ट, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. पुस्तकाबद्दल दहा मिनिटं बोलण्यापेक्षा त्यातलं एक पान ऐकवलं की ऐकणाऱ्याला भाषेचा वासच येतो. नेहमीच्या आकाराचं एक पान नीट वाचायला आमच्याकडे दोन ते अडीच मिनिटं लागतात, घड्याळ लावून बघितलंय.

पान निवडताना शेवटचं नको आणि मलपृष्ठावरचं कौतुक तर नकोच. साधारण मधलं, ज्याला मागचं-पुढचं फार माहीत नसलं तरी चालेल असं. घरी एकदा मोठ्याने वाचून बघा, आपण मनात वाचतो तेव्हा जोडाक्षरं आणि लांब वाक्यं गपकन गिळतो, चारचौघांत तीच घशात अडकतात. पहिल्या वाक्याआधी फक्त एवढंच सांगायचं की कोण बोलतंय आणि कुठे. कविता असेल तर दोनदा वाचायची, मध्ये स्पष्टीकरण न देता. आणि संवादातलं बोलीभाषेचं नाटक फार करू नका, आमच्या एका दादांनी मालवणी संवाद असे काही वाचले की मूळच्या सावंतवाडीच्या वहिनी उठून किचनमध्येच गेल्या.

यातूनच एक जुना प्रॉब्लेम सुटला. बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, माणूस लाखमोलाचा, पण पुस्तक सांगायला लागले की पहिल्या प्रकरणापासून उपसंहारापर्यंत. एकदा त्यांनी रहस्यकथेतला खुनी भर सभेत सांगून टाकला आणि तीच कादंबरी दोनशे पानांपर्यंत वाचत आणलेल्या ताईंनी तिथल्या तिथे पर्समधून ती काढून टीपॉयवर ठेवली. घंटी वाजवून बघितली, काका घंटीला दाद देत नाहीत. मग एकदा मी मध्येच म्हटलं, "काका, त्यातलं तुम्हाला आवडलेलं एक पान वाचून दाखवा ना". काकांनी चष्मा लावला, पान शोधलं, आणि काय सुंदर वाचलं! वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं आणि थांबले. आता त्यांची पाळी आली की आम्ही थेट पानच मागतो. असे काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांना गप्प करायला जाऊ नका, वाचायला लावा.

ऐकणाऱ्यांसाठी एकच पथ्य आहे, "यापेक्षा त्यांचं आधीचं जास्त चांगलं होतं" हे वाक्य बंदी. समोरचा माणूस उत्साहाने सांगत असतो आणि आपण त्याच्या पुस्तकावर पाणी ओततो, कशासाठी, तर आपण आधीचं वाचलंय हे कळावं म्हणून. त्यापेक्षा विचारा की कोणतं पान दोनदा वाचलं, किंवा कोणाला द्यावंसं वाटलं.

जमायचं कुठे, किती जणांनी

सहा ते दहा. चार असले की एखादा आला नाही तर ते चहापाणीच होतं, आणि बारा झाले की दोन गट पडून कोपऱ्यात वेगळ्या गप्पा सुरू होतात. आठ जण गुणिले सहा मिनिटं म्हणजे पाऊण तास, त्यात प्रश्न आणि देवाणघेवाण धरली की दीड तास, त्याच्यावर ताणू नका. वार आणि वेळ कायम ठेवा. "या महिन्यात कधी जमायचं" असा पोल टाकला की समजा संपलं.

जागा घरचीच बरी. थंडीत आम्ही एकदा जॉगिंग ट्रॅकच्या बाकांवर बसलो होतो, वातावरण झकास, पण सहा वाजताच अंधार पडला आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये पान वाचायची वेळ आली. जुलै-ऑगस्टच्या पावसात तर घराशिवाय पर्याय नाही. खायला कोरडं ठेवायचं, चिवडा, शेंगदाणे, फार तर बाकरवडी. नाशिककर असल्यामुळे पहिल्यांदा मिसळ ठेवायचा मोह होणार हे मला माहितीये, मी पण ठेवली होती. एका वाचनालयाच्या पुस्तकाच्या ११२व्या पानावर तर्रीचा जो गोल उमटला तो अजून आहे. मिसळ सकाळी खा.

पुस्तकं द्यायची-घ्यायची वही

हा भाग कंटाळवाणा आहे पण यावर मैत्र्या तुटतात म्हणून नीट वाचा. एक साधी शंभर पानी वही घ्या, रकाने पाच: क्रमांक, पुस्तक, कोणाचं, कोणाकडे, तारीख. परत आलं की ओळ खोडायची. मोबाईलमध्ये ठेवू नका, वही सगळ्यांसमोर टेबलावर पडलेली असते त्याचाच निम्मा उपयोग. मुदत दोन रविवार, म्हणजे दोन महिने, वाचून झालं नसेल तर मालकाला विचारून वाढवायची. घेतलेलं पुस्तक तिसऱ्याला परस्पर द्यायचं नाही, मध्ये मालकाचं नाव आलंच पाहिजे. आणि देताना मालकाने पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलने नाव लिहावं, संकोच करू नये. आमच्या वहीत १७ नंबरची ओळ अजून उघडी आहे. तिच्याकडे नंतर येते.

जे पुस्तक परत नाही आलं तर जीव तुटेल ते द्यायचंच नाही. वाचून दाखवा, घरी बसून वाचायला द्या, पण देऊ नका, आणि तसं स्पष्ट सांगा.

पावसाळ्यात पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतूनच न्यायचं. तरी भिजलंच तर उन्हात वाळवू नका, पानं वेडीवाकडी होतात आणि पुठ्ठा वळतो. उभं ठेवून पानं थोडी पंख्यासारखी उघडायची, पंखा मंद, दर दहा-पंधरा पानांनंतर टिश्यू पेपर किंवा साधा कोरा कागद घालून बदलत राहायचं (छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते), आणि जवळजवळ वाळलं की वर वजन ठेवून दाबायचं. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणाऱ्यांशी माझं कायम भांडण आहे, काही वर्षांत ती पिवळी पडते, चिकट होते आणि खालची अक्षरं घेऊन निघते. पातळ कागदाची पट्टी आणि खळ पुरते.

पुस्तकं आणायची कुठून

सगळी विकत घ्यायची म्हटली तर खिशाला भोक पडेल. नाशकात आपल्याकडे १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, सगळे 'सावाना' म्हणतात, चार-पाच जणांनी आपापलं सभासदत्व घेतलं तरी ग्रुपला पुरून उरतं. दुसरं म्हणजे 'ग्रंथ तुमच्या दारी'. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा हा उपक्रम २००९ मध्ये इथूनच सुरू झाला आणि पार परदेशातल्या मराठी लोकांपर्यंत पोचला. शंभर पुस्तकांची एक पेटी एका वाचकगटाकडे येते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. तुमच्या बिल्डिंगमध्ये किंवा ऑफिसात पंचवीस-तीस वाचणारे असतील तर त्यासाठी विचारून बघायला हरकत नाही. आणि वर्षातून एकदा गाड्या काढून ओझरकडे, मुंबई-आग्रा हायवेवर दहाव्या मैलाला एका आजींच्या पुस्तकांच्या हॉटेलात जेवायला जा, जेवण येईपर्यंत हातात पुस्तक. तिथे आमच्यातल्या दोघांच्या भाकरी गार झाल्या होत्या.

दिवाळी अंक पण पुस्तकंच धरा. १९०९ पासूनची आपली परंपरा आहे आणि ग्रुपसाठी तर हे सोन्याहून पिवळं, प्रत्येकाने वेगळा अंक घेतला की आठ जणांत आठ अंक फिरतात, होळीपर्यंत पुरतात.

मधल्या महिन्याभरात व्हॉट्सअ‍ॅप

ग्रुप हवाच, पण त्यात पुस्तकाशिवाय काही नको. सुप्रभात नको, वाढदिवस नको, नाहीतर पंधरा दिवसांत सगळे म्यूट करतात. पुस्तक सुचवायचं असेल तर दोन फोटो टाका, मुखपृष्ठाचा आणि आतल्या त्या पानाचा जिथे प्रकाशक, आवृत्ती आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) असतो, कारण मराठीत एकाच नावाची दोन-तीन पुस्तकं सहज निघतात आणि दुकानदार बिचारा तिसरंच काढून देतो. खाली तीन ओळी, त्यातली एक 'कोणी वाचू नये'. टायपिंगचा कंटाळा असेल तर एका मिनिटाची व्हॉइस नोट. चार मिनिटांची नोट कोणी ऐकत नाही, माझ्या पण कोणी ऐकल्या नाहीत.

आणि पीडीएफ. "कोणाकडे पीडीएफ आहे का" हा मेसेज प्रत्येक ग्रुपवर येतो, त्याला एकदाच नीट उत्तर देऊन टाका. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क असतो, तेव्हा आजच्या लेखकाचं अख्खं पुस्तक स्कॅन करून फिरवणं म्हणजे सरळ चोरी. परीक्षण लिहिताना चार ओळी उद्धृत केल्या तर त्याला कायद्यात जागा आहे. ज्यांची मुदत संपली ती जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर मोकळी मिळतात, साने गुरुजी १९५० मध्ये गेले त्यामुळे त्यांचं लेखन आता सगळ्यांचं आहे, ते खुशाल पाठवा.

मरगळ येते तेव्हा

येतेच. आमच्याकडे आठव्या महिन्यात तिघंच आले, त्यातला एक माझा नवरा, तो असाही घरीच होता. अशा वेळी महिना बुडवायचा नाही, तिघं तर तिघं. पुढच्या महिन्यासाठी मी एकच मेसेज टाकला की घरात पाच वर्षं न वाचता पडलेलं एक पुस्तक आणा आणि वाचलं का नाही ते सांगा. अकरा जण आले. कोणी प्रदर्शनातून सेटमध्ये घेतलेलं, कोणी लग्नात आहेर आलेलं. एका काकूंनी सासऱ्यांची खूण तिथेच असलेलं पुस्तक आणलं, सासरे गेले तेव्हा ते १४३व्या पानावर होते. त्या दिवशी काकूंनी पुढचं पान वाचून दाखवलं.

विषय मात्र दर महिन्याला देत बसू नका, शाळा होते. वर्षातून दोनदा पुरे, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी आम्ही फक्त कविता घेतो, तेवढं नाशिककर म्हणून आपलं. आणि जो माणूस चार महिने नुसता येऊन ऐकतो त्याला "तुम्ही पण बोला ना" करू नका. आमच्याकडे असा एक मुलगा होता, अंबडला शिफ्टमध्ये काम करणारा, पाचव्या महिन्यात त्याने द्राक्षबागेच्या छाटणीचं पुस्तक आणलं. ऑक्टोबर छाटणीवरचं एक पान त्याने वाचलं, कोणती काडी ठेवायची आणि कोणती मारायची, आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त प्रश्न त्याला आले.

राहता राहिली १७ नंबरची ओळ. पुस्तक माझं आहे, पहिल्या पानावर पेन्सिलने नाव आहे, आत बसची दोन तिकिटं असतील. ज्यांच्याकडे आहे त्यांना माहितीये. दुसऱ्या रविवारी या, चिवडा आहे, आणि वाचलं असेल तर एक पान तयार करून या.